उभं राहिलेलं कीर्तन

मी एक जुनी सीडी आहे, मित्रांनो. आणि खरं सांगायचं तर नवी होते तेव्हाही बिघडलेलीच होते. माझ्या अंगावर काळ्या शाईनं 'खराब नमूना' असं लिहिलेलं आहे. ती अक्षरं अजून पुसली गेलेली नाहीत आणि मला त्यांची लाजही वाटत नाही.

माझ्या बरोबरीच्या बहुतेक सीड्या आज पपईच्या बागेत नाहीतर ज्वारीच्या शेतात टांगलेल्या दिसतात. वाऱ्यावर गरगर फिरायचं आणि पाखरं हाकायची, एवढंच त्यांचं काम उरलं. मी मात्र तापीकाठच्या आमलीखेडे गावात, विठ्ठल मंदिरात, मृदंगाच्या खुंटीला लाल दोऱ्यानं बांधलेली असते. सकाळचं ऊन दारातून आत आलं की माझ्यावर पडतं आणि समोरच्या भिंतीवर सात रंगांचा कवडसा उठतो. मुलं तो पकडायला धावतात. बिघडलेल्या सीडीला देवळात जागा कशी मिळाली, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म सुरतेकडच्या एका कारखान्यात झाला. साबुदाण्यासारखे पारदर्शक प्लास्टिकचे दाणे वितळवले, साच्यात दाबले, आणि साच्यावरच्या बारीक खुणांसकट मी बाहेर पडले. मग अंगावर चांदीसारखा मुलामा चढला, वर नावं छापली गेली. आमची एक गंमत तुम्हांला ठाऊक नसेल. आम्हांला आतून बाहेर वाचतात. गाण्याची सुरुवात मधल्या भोकाजवळ असते आणि शेवट अगदी कडेला. त्या दिवशी साचा कडेला पुरता तापला नव्हता. त्यामुळे माझ्या कडेवर एक बारीक धुकं राहिलं. माझ्या नऊशे नव्याण्णव बहिणींच्याही कडेला तेच धुकं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कारखान्यात पहिली दोन मिनिटं ऐकली आणि आम्हांला खोक्यात भरलं. सुरुवात छान होती ना!

माझ्या पोटात आवाज होता लोटन महाराजांचा. महाराज शेतकरी माणूस. दिवसा केळीला पाणी द्यायचे आणि संध्याकाळी कीर्तनाला उभे राहायचे. अभंगाचं निरूपण ते शाळेतल्या मराठीत करत, पण दृष्टांत सांगायची वेळ आली की अहिराणीत उतरत. म्हणायचे, "देव मराठी समजस, पन हसस मातर अहिरानीमा." आणि खरोखरच तिथून पुढे सगळं देऊळ हसायला लागायचं. त्यांच्या कीर्तनाला तळोद्याच्या बाजारातून जीप भरून माणसं येत.

मग महाराजांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. जीव वाचेल, आवाजाचं मात्र सांगता येत नाही. तेव्हा गावच्या भजनी मंडळानं ठरवलं की ऑपरेशनच्या आधी महाराजांचं एक कीर्तन ध्वनिमुद्रित करून ठेवायचं. नंदुरबारच्या एका छोट्या स्टुडिओत ते झालं. महाराजांनी त्या दिवशी पूर्वी कधीही न सांगितलेला, स्वतः रचलेला दृष्टांत सांगितला.

डोंगरातली एक म्हातारी. ती रोज दिवेलागणीला चुलीवर एक भाकर जास्त टाकते, दार उघडं ठेवते आणि हाक मारते, "ये रे देवा, दार उघडं शे!" एके दिवशी कुत्रं येतं. दुसऱ्या दिवशी चुकलेली बकरी येते. तिसऱ्या दिवशी तोरणमाळच्या घाटात जीप बंद पडलेली पाच माणसं येतात. भाकर संपते, देव येत नाही. शेजारी हसतात. शेवटी एका कडाक्याच्या थंडीच्या संध्याकाळी म्हातारी कुडकुडत उंबऱ्याशी बसते आणि हाक मारते, "ये रे देवा, दार उघडं शे..."

पुढे काय झालं, ते माझ्या कडेवर होतं. म्हणजे धुक्यात.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज मात्र कुजबुजीएवढा उरला. काही दिवस बोलू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून महाराज पाटीवर लिहून बोलू लागले. त्याच आठवड्यात आमची खोकी गावात आली. महाराजांच्या पत्नी सिंधुबाई यांनी पहिलं खोकं उघडलं आणि सगळ्यात वरची सीडी उचलली. ती मी. त्यांनी मला पदरानं पुसलं, देवासमोर ठेवलं आणि मग शेजारच्या फुलवंताबाईंकडे दिलं, कारण सीडी वाजवायचं यंत्र त्यांच्याच घरी होतं.

आता इथं आमच्या भागातली एक रीत सांगितली पाहिजे. कीर्तन सुरू झालं की ते पुरं होईपर्यंत ऐकणाऱ्यानं उठायचं नाही. आणि कीर्तनकारानं तोवर बसायचं नाही. शेवटचा दृष्टांत पुरा झाला, जयजयकार झाला, की महाराज खाली बसतात. त्यालाच 'कीर्तन बसलं' म्हणतात.

फुलवंताबाईंच्या ओसरीवर पाच बाया जमल्या. सून कोकिळा चुलीवर दूध ठेवून दाराशी टेकली. मी फिरू लागले. म्हातारी आली, कुत्रं आलं, बकरी आली, जीपवाले आले. बाया हसल्या, डोळे पुसले. आणि मी कडेला पोहोचले.

"दार उघडं शे... दार उघडं शे... दार उघडं शे..."

मला पुढची खूण सापडेना. यंत्र मला मागे ढकलायचं, मी पुन्हा तिथंच यायचे. मला वाटलं, आता या बाया मला काढून फेकणार. पण महाराज रंगात आले असं समजून फुलवंताबाईंनी टाळीच धरली.

"म्हाराज रंगमा वनात वं! सोडतसच नहीत दख!"

बाकीच्याही टाळ्या वाजवू लागल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चुलीकडून वास यायला लागला.

"आत्याबाई, दूध उतू जाई ऱ्हायनं!" कोकिळा म्हणाली.

"जाऊ दे! कीर्तनमातीन कोन उठस? बठ तू बी!"

दूध गेलं, पातेलं करपलं, मांजर आत जाऊन चाटून आलं. बाया अर्धा तास हलल्या नाहीत. शेवटी लाइट गेली तेव्हा त्यांची आणि माझी सुटका झाली. फुलवंताबाई हळहळल्या, "ओ माय, बरोबर देव येवाना टाइमले लाइट गयी!" दुसऱ्या दिवशी त्यांनी दूध आधीच तापवून ठेवलं आणि मला पुन्हा लावलं. पुन्हा तेच. गावोगाव माझ्या बहिणींचंही तेच चाललं होतं. पुढे ढकलायचं बटण दाबावं, तर यंत्राच्या काचेवर 'नो डिस्क' अशी अक्षरं यायची. मी तर आतच होते!

तिसऱ्या दिवशी गल्लीतून नवलसिंग चालला होता. तो धंद्यानं शिंपी, पण महाराजांच्या मागे वीस वर्षं मृदंग वाजवणारा. तो थबकला. दोन क्षण ऐकलं आणि चप्पल घालूनच ओसरीवर चढला.

"काय चाली ऱ्हायनं आठे? कोन वाजाडी ऱ्हायनं हाऊ मृदंग?"

"तूच ना रे भाऊ!" फुलवंताबाई म्हणाल्या.

"मी? मी असा वाजाडस? सम सोडीसन? बंद करा पह्यले!"

सम म्हणजे ठेक्याचं पहिलं घर. गाणारा कितीही भटकला तरी त्याला तिथं परतावंच लागतं. नवलसिंगानं मला यंत्रातून बाहेर काढलं, उन्हाकडे तिरकं धरलं आणि यंत्रासकट सरळ महाराजांच्या घरी नेलं.

महाराजांनी ते ऐकलं. पहिल्यांदा हसले. मग त्यांचा चेहरा उतरला. दृष्टांताचा शेवट गावात दुसऱ्या कुणी ऐकलेला नव्हता. स्टुडिओत हजर असलेल्या सिंधुबाई आणि नवलसिंगाला माहीत होता, पण कीर्तनातली गोष्ट चावडीवर सांगायची नसते, म्हणून तेही गप्प होते. महाराजांनी पाटी घेतली आणि लिहिलं, "सात गावमा मन्हं कीर्तन उभंच शे. मी बी उभाच शे. माले बठाडा." म्हणजे, मला बसवा.

त्यानंतर आठ दिवसांनी डॉक्टरांनी हळू बोलायला परवानगी दिली. पण महाराज बोलेनात. सिंधुबाईंनी विचारलं तर पाटीवर एवढंच लिहिलं, "कीर्तन बठी, तवय बोलसू."

सिंधुबाई तोंडानं हसऱ्या, पण त्या दिवशी त्यांनी मला दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं. माझ्या कडेला त्यांचा अंगठा होता. नेमका धुक्यावर.

कारखान्याला पत्र लिहायचं काम नवनीतभाईंकडे आलं. ते मंडळाचे चिटणीस. माणूस इतका मऊ, की बैलालाही 'जरा सरका' म्हणणारा. त्यांनी लिहिलं : "परमपूज्य कारखानदार महोदय, सादर प्रणाम. आपल्या कृपेने सीडी मिळाली. महाराज एका ओळीवर येतात आणि तेथेच रमतात. तेथून पुढे जाणे कोणालाच होत नाही. आयाबाया अर्धा अर्धा तास जागच्या हलत नाहीत. घरोघरी हीच अवस्था आहे. तरी आपण योग्य ते करावे."

पंधरा दिवसांनी सोनेरी कडेच्या कागदावर उत्तर आलं. "आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. श्रोते इतके तल्लीन होतात हे वाचून सर्वांना आनंद झाला. आपले पत्र आम्ही काचेत बसवून स्वागतकक्षात लावले आहे." सोबत एक कॅलेंडर भेट होतं.

नवलसिंगानं कपाळाला हात लावला. "नवनीतभाई, तक्रार करानी व्हती, आरती नही!"

"कागदवर कोनले खराब बोलानं नही, असं मन्हा आजला सांगे," नवनीतभाई आजोबांची आठवण काढून म्हणाले. पण त्यांनाही वाईट वाटलं होतं.

मग फोन झाले. पलीकडचा माणूस घाईत असायचा. "सीडी घूमती है? आवाज़ आती है? फिर ख़राबी क्या है? गानेवाला एक ही लाइन गाता है, तो उसमें मशीन क्या करे?" नवनीतभाईंनी विनवलं, मग मूळ ध्वनिमुद्रण तरी परत पाठवा. तेव्हा कळलं की कारखाना ते तीन महिनेच ठेवतो आणि मग पुसून टाकतो. आमचे तीन महिने त्याच महिनाअखेरीला संपत होते. आणि नंदुरबारच्या स्टुडिओतला संगणक तर वीज पडून कधीच जळाला होता.

म्हणजे महाराजांच्या त्या आवाजाचा, त्या शेवटाचा, जगात एकच ठसा उरला होता. आणि तो पुसला जायला चार दिवस होते.

"कागद पुरे झायात," सिंधुबाई म्हणाल्या. "चला सुरत."

"वहिनी, इतला लांब?" नवनीतभाईंनी विचारलं.

"पंचवीस वरीस यासना मांगे टाळ धरीसन उभी ऱ्हायनू. सुरत काय लांब शे?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिघं निघाले. सिंधुबाईंच्या पिशवीत मी, नवनीतभाईंच्या हातात पत्रांच्या नकला आणि नवलसिंगाच्या मांडीवर मृदंग. मृदंग कशाला, ते त्यानं सांगितलं नाही. नवापूर येईपर्यंत डब्यातल्या लोकांनी त्यांच्याकडून दोन भजनं म्हणवून घेतली होती. मी पिशवीतून ऐकत होते. मित्रांनो, काम अवघड असलं तरी जाताना गायला काही हरकत नसते, हे मी तेव्हा शिकले.

कारखान्याच्या स्वागतकक्षात शिरलो, तर समोरच्या भिंतीवर काचेत नवनीतभाईंचं पत्र!

"दखा, दखा, मन्हा कागद!" नवनीतभाईंना राहवलं नाही.

"त्याच कागदनी आपला घात करेल शे ना भाऊ!" सिंधुबाई म्हणाल्या, आणि तिघंही हसत सुटले.

तपासणी विभागाच्या प्रमुख रंजिताबेन नावाच्या बाई होत्या. त्यांनी मला नीट हाताळलं, कडेला बोट न लावता. आपल्या मोठ्या यंत्रात लावलं. मी पुन्हा तिथंच अडकले. "दार उघडं शे... दार उघडं शे..." माझा जीव शरमेनं अर्धा झाला. पण रंजिताबेन मान डोलावून म्हणाल्या, "बा, भजनमां तो आवुं ज होय ने!" म्हणजे, आई, भजनात असं होतंच की.

त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. फुलवंताबाईंना जे वाटलं तेच त्यांना वाटलं.

तेव्हा नवलसिंगानं मृदंगाची खोळ काढली आणि दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला विचारलं, "भाऊ, कनीक शे का?"

शिपाई बघतच राहिला. तपासणी विभागात आजवर कुणी कणीक मागितली नव्हती. पण मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावल्याशिवाय तो बोलत नाही. कारखान्याच्या उपाहारगृहात पुऱ्या चालल्या होत्या. तिथून कणकेचा गोळा आला. नवलसिंगानं तो थापला, दोनदा ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "बेन, आते तुम्ही टाळी द्या. मी ठेका धरस. सीडी लावा."

रंजिताबेन लहानपणापासून गरबा खेळलेल्या. टाळी त्यांच्या हातातच होती. मी सुरू झाले. मृदंग आणि टाळी माझ्यातल्या मृदंगाबरोबर छान चालली. म्हातारी उंबऱ्यात येऊन बसली. आणि ती ओळ आली. एकदा टाळी बरोबर पडली. दुसऱ्यांदा रंजिताबेनचे हात हवेतच राहिले. तिसऱ्यांदा टाळी भलतीकडेच पडली.

"अरे! ताळी तूटे छे!" त्या उठून उभ्या राहिल्या.

"हाईच सांगी ऱ्हायनू मी," नवलसिंग म्हणाला. "म्हाराज एक ओळ शंभरदा म्हनतीन. पन शंभरदा समवर येतीन. आठे दर येळले दोन मात्रा कमी पडतस. दोन मात्रा म्हाराज नही खातस, बेन. तुम्हनं मशीन खास!"

रंजिताबेननी मला बाहेर काढलं, दिव्याखाली तिरकं धरलं आणि मग त्यांना माझ्या कडेवरचं धुकं दिसलं. त्यांनी कपाटातली दुसरी सीडी काढली, तिसरी काढली. सगळ्यांना धुकं. त्या खुर्चीत बसल्या आणि स्वच्छ म्हणाल्या, "भूल अमारी छे." चूक आमची आहे. मित्रांनो, एवढ्या मोठ्या कारखान्यानं हे तीन शब्द म्हणायला दोन महिने लावले, पण म्हणाल्या तेव्हा पुरेपूर मनापासून म्हणाल्या.

मग त्यांनी मूळ ध्वनिमुद्रण काढायला लावलं आणि शेवटची पाच मिनिटं सुरू केली. मी टेबलावर उताणी पडले होते. माझ्याच गोष्टीचा शेवट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकणार होते.

म्हातारी कुडकुडत हाक मारते, "ये रे देवा, दार उघडं शे." आणि मग घरातून, तिच्या पाठीमागून, चुलीजवळून आवाज येतो, "माय, आते दार लाव. वारा लागस. मी कवयना मझार येल शे."

मझार म्हणजे आत. मी केव्हाचा आत आलो आहे.

रंजिताबेनना सगळे शब्द कळले नसतील, पण 'मझार' त्यांना गरब्याच्या गाण्यांतून ओळखीचा होता. त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. दाराशी उभा असलेला शिपाई हळूच वळला आणि त्यानं खरोखरच खोलीचं दार लावून घेतलं. मग आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो लाजला. सिंधुबाई हसता हसता रडत होत्या. किती दिवसांनी त्यांनी नवऱ्याचा भरलेला आवाज शेवटापर्यंत ऐकला होता.

ठरलं असं, की दहा दिवसांत हजार नव्या सीड्या येतील, मूळ ध्वनिमुद्रणाची एक प्रत मंडळाला मिळेल आणि जुन्या सीड्या परत येऊन त्यांचा चुरा होईल. रंजिताबेननी माझ्यावर 'खराब नमूना' लिहिलं. मी मनात म्हटलं, झालं. पण सिंधुबाईंनी हात पुढे केला.

"हाई माले परत द्या."

"बा, ख़राब सीडी का चूरा करना पड़ता है. नियम है."

"बेन, तुम्हना कारखानामा हाई खराब शे. मन्हा गावमा हिनी पाच बायासले अर्धा घंटा एक जागे बठाडी ठेवं. इतलं तं चांगला चांगला म्हाराजसले जमत नही!"

रंजिताबेन खळखळून हसल्या आणि त्यांनी मला सिंधुबाईंच्या हातात दिलं. जाताना त्यांनी भिंतीवरचं पत्रही उतरवलं. नवनीतभाईंचा चेहरा पडलेला पाहून म्हणाल्या, फेकणार नाही. तपासणी विभागात लावणार आहे. म्हणजे कुणी इतकं गोड लिहिलं तर आमची माणसं ते दोनदा वाचतील.

नव्या सीड्या सांगितल्या दिवशी आल्या. त्या संध्याकाळी सगळं गाव देवळात जमलं. देवासमोर यंत्र ठेवलं, मोठे कर्णे जोडले. फुलवंताबाई पहिल्या रांगेत. घरी दूध नव्हतंच ठेवलं. नवलसिंग मृदंग मांडीवर घेऊन बसला होता, नुसता सवयीनं. सिंधुबाईंच्या ओच्यात मी होते. आणि यंत्र सुरू झाल्याबरोबर लोटन महाराज आपल्या नेहमीच्या जागी, देवाकडे पाठ न करता, हात जोडून उभे राहिले. कुणीतरी खुर्ची पुढे सरकवली. त्यांनी मान हलवली. कीर्तन बसल्याशिवाय कीर्तनकार बसत नाही.

तासाहून अधिक वेळ ते उभे होते. गर्दी हसली, डोलली. म्हातारी उंबऱ्यात आली. यंत्रातून तो भरलेला आवाज उठला, "ये रे देवा, दार उघडं शे..."

आणि लाइट गेली.

पंखे थांबले. कर्णे मुके झाले. समईच्या उजेडात माणसं एकमेकांकडे बघू लागली. नवनीतभाई पुटपुटले, "आते काय करानं?" महाराज तसेच उभे होते.

तेवढ्यात फुलवंताबाईंनी, जशी त्यांना मी शिकवली होती तशी, टाळी धरली.

"दार उघडं शे..."

कोकिळेनं साथ दिली. मग बायांची सगळी बाजू, मग गडीमाणसं. "दार उघडं शे... दार उघडं शे..." नवलसिंगाची थाप पडली आणि सगळा गाव समेवर आला. माझ्यात दर वेळी हरवणाऱ्या त्या दोन मात्रा त्यानं हातानं भरून काढल्या. किती वेळा म्हटलं ते कुणी मोजलं नाही. नवलसिंग पुढे सांगायचा, अकरा वेळा. अकराव्याला त्यानं मृदंगावर हात ठेवून तो थांबवला.

इतकी शांतता झाली, की समईची वात चरचरलेली ऐकू आली. आणि दोन महिने एक शब्द न बोललेले महाराज बोलले. आवाज कुठला, नुसती फुंकर होती ती.

"माय, आते दार लाव. वारा लागस. मी कवयना मझार येल शे."

शेवटच्या रांगेतल्या पोरांनाही ते ऐकू गेलं. त्या वाक्याला मोठा आवाज लागतच नव्हता, मित्रांनो. पाठीमागून, अगदी जवळून कुणी बोलावं तसंच ते बोलायचं होतं.

पांडुरंगाचा जयजयकार झाला. सिंधुबाईंनी खुर्ची बाजूला केली आणि सतरंजी पुढे ओढली. आणि लोटन महाराज खाली बसले.

अर्ध्या तासानं लाइट आली. तेव्हा नवी सीडी शेवटापर्यंत वाजली आणि महाराजांनी आपलाच जुना आवाज मांडीवर ठेका धरून ऐकला. सीडी पुरी झाल्यावर फुलवंताबाईंनी तक्रार केली, "हाई नवी सीडी खराब शे. म्हाराज एकच येळा म्हनतस!" देऊळ हसून हसून लोळलं. महाराजही हसले, आणि त्या दिवसापासून कुजबुजत का होईना, सगळ्यांशी बोलू लागले.

आता सीड्या वाजवायची यंत्रंच राहिली नाहीत. ते कीर्तन सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे आणि त्यात ती ओळ एकदाच येते. पण गावच्या सप्ताहात महाराजांची नात मयूरी कीर्तनाला उभी राहते, तेव्हा ती ओळ अकरा वेळाच होते. शेवटचं वाक्य ती म्हणत नाही. ते तिचे आजोबा खाली बसल्या बसल्या कुजबुजतात. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, ही अकरा वेळांची रीत कुठली? गावकरी माझ्याकडे बोट दाखवतात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही काहीही बनवाल तेव्हा पहिली दोन मिनिटं ऐकून खोकं बंद करू नका, कड तपासा. आणि कुणी माणूस तेच तेच बोलत अडकलेला दिसला, तर 'रंगला आहे' म्हणून टाळ्या देऊ नका आणि हसून पुढेही जाऊ नका. जवळ बसा, ठेका धरा. त्याच्या दोन मात्रा कुठं हरवल्या ते सापडेल. मला पुसायचं झालं तर मऊ फडक्यानं, मधून कडेकडे पुसा. कडेचं धुकं निघणार नाही, पण कवडसा छान पडेल.

आणि आमलीखेड्याला आलात तर देवळात येऊन मला बघून जा. फक्त आत आल्यावर दार तेवढं ओढून घ्या. वारा लागतो, आणि ज्याची वाट बघायची, तो आतच आहे.